चाळ सोडताना मारलेली हाक

"सांगितलं तर कोणी खरं मानायचं नाही," दशरथांनी चहाची बशी खाली ठेवली, "पण त्या संग्रहालयातली ट्राम अजून चालते. रूळ नाहीत, तारा नाहीत. दिवेलागणीला आपली आपण सुटते आणि माळावर हिंडत दादर कुठे आलं म्हणून विचारते."

"कोणाला विचारते?" सुशांतने विचारलं.

"बैलगाडीला. दुसरं आहे कोण तिथे?"

"आबा, पुरे. उद्याची गाडी ठरलीय. सगळे जातोय. तुम्हीसुद्धा."

संग्रहालय घाटाच्या पायथ्याशी होतं, मैलभर माळरानावर. जुन्या ट्राम, दुमजली बस, छकडे, आणि गावोगावहून उचलून आणलेली घरं. वाकोल्याची चाळ पाडायला काढली तेव्हा त्या लोकांनी दशरथांची खोलीही मागून नेली होती. दार, मोरी, ओटा, भांड्यांची फळी, सगळं जसंच्या तसं तिकडे उभं केलं. आता घरच्यांना बघायला बोलावणं आलं होतं.

दशरथांना जायचं नव्हतं. सकाळपासून त्यांनी गुडघा दुखवून पाहिला, ऊन तापवून पाहिलं, शेवटी ट्राम चालवून पाहिली. मुलगा बधला नाही. सून निधी हॉलमध्येच लसूण सोलत बसली होती, तीही गालात हसत होती.

नात श्रुतिका मात्र हसत नव्हती.

"आबा, मी सकाळी तिकडे फोन केला होता, वेळ विचारायला. राखणदार आहे, खंडू म्हणून. कुठली खोली म्हणाला. मी सांगितलं, वाकोल्याची. तर म्हणाला, त्या खोलीचं काही खरं नाही."

"थापाड्या असेल."

"तुमच्यापेक्षा जास्त?" निधी पुटपुटली.

"म्हणाला, ताई, संध्याकाळी कुलूप लावलं की आत कोणीतरी भांडी घासतं. आणि मधेच बाईच्या आवाजात विचारतं, गेले का गो सगळे?"

निधीच्या हातातली पाकळी खाली पडली.

दशरथांच्या घराण्यात एक रीत होती. घर सोडताना त्या घरात वारलेल्या माणसाला उंबऱ्यावरून हाक मारायची, चल म्हणायचं आणि मागे न बघता निघायचं. हाक नाही मारली तर ते माणूस मागेच राहतं. आजी त्या खोलीतच वारली होती, चाळ सोडायच्या आदल्या वर्षी. श्रुतिका तिच्याच कुशीत वाढलेली. टेम्पो भरून झाला तरी पोरगी हलेना, तेव्हा दशरथांनी तिला खाली पाठवलं, नारळ घेऊन एकटे वर गेले आणि दहा मिनिटांनी उतरून म्हणाले, "चल. येतेय ती."

आणि ती आली होती. पाचव्या मजल्यावरच्या या नव्या घरात पहाटे स्वयंपाकघरात बांगड्या वाजायच्या. श्रुतिकाच्या अंगावरची सरकलेली गोधडी सकाळी नीट असायची. ओट्यावर झाकून ठेवलेलं पान रिकामं व्हायचं. सुशांत आधी घाबरला, मग सवयीने "आई, नळ बंद कर गं" म्हणायला लागला. एकदा निधीने विचारलं होतं, सासूबाई शनिवारी मासळीला शिवायच्या नाहीत, मग शनिवारच्या पानातली सुकट जाते कुठे? "वर गेल्यावर उपास सुटतात," दशरथ म्हणाले होते, आणि सगळे हसले होते.

"आबा, ती इथे आहे ना?" श्रुतिकाने विचारलं. "की तिथे एकटीच बसलीय आणि आपण तिकीट काढून बघायला चाललोय?"

"इथेच आहे. खरा सांगतंय, बाय माझे. मी हाक मारली."

"काय म्हणून हाक मारलीत?"

"म्हणून म्हणजे?"

"तूच विचार गं त्यांना," सुशांत म्हणाला. त्याला वातावरण हलकं करायचं होतं. "माझ्या उभ्या जन्मात आबांनी आईचं नाव घेतलेलं मी ऐकलं नाही. 'अगो', 'ऐकलंस?', फार तर 'सुशांतची आई'. सुलक्षणा म्हणायला जीभच वळत नाही त्यांची. लग्नात उखाण्यालासुद्धा नुसते खोकले होते म्हणे."

निधीला हसू आलं. श्रुतिकाने आजोबांचा हात धरला.

"आबा, चाळीत किती बायका गेल्या असतील. नुसतं 'अगो' म्हटलंत तर कोणाला कळणार, कोणाला बोलावताय? नाव घेतलं होतंत ना?"

दशरथांनी तिच्याकडे पाहिलं. आयुष्यभर त्यांनी थापा मारल्या होत्या आणि ऐकणाऱ्याने त्या थापा म्हणूनच घेतल्या होत्या. पण ही पोरगी उत्तर जसंच्या तसं गिळायला बसली होती. खरं सांगितलं असतं तर ती आत्ता उठून माळाकडे धावत सुटली असती.

"घेतलं," ते म्हणाले. "उंबऱ्यावर नारळ ठेवला. हात जोडले. मोठ्याने म्हटलं, सुलक्षणा, चल. अख्ख्या चाळीने ऐकलं असेल."

श्रुतिकाने सुस्कारा सोडला. तिची बोटं सैल झाली. सुशांत आणि निधी एकमेकांकडे बघून हसले. चौघंही हॉलमध्ये होती.

"खोटं," स्वयंपाकघरातून अनोळखी बाईचा आवाज आला. "नाव कुठे घेतलंत? नुसतं 'चल गो' म्हणालात. जिन्यात मी बसले होते, मग मीच आले."