भेट द्या

"काढ ते बटण. आत्ताच्या आत्ता काढ!"

दादाने संगणकाचा पडदा धाकट्या बहिणीकडे फिरवला.

"नाही काढणार," ती म्हणाली.

पडद्यावर दोन रेघा होत्या. घरच्या दागिन्यांच्या दुकानाची वेबसाइट गेला आठवडाभर दोन रूपांत चालली होती. निम्म्या ग्राहकांना दादाने रचलेले पान दिसे. त्यावर 'विकत घ्या' असे बटण होते. उरलेल्यांना बहिणीचे पान दिसे. त्यावर 'भेट द्या' असे बटण होते. दादाच्या पानावरील खरेदीची रेघ संथपणे वर चढत होती; बहिणीची मात्र भुईला खिळली होती.

पैज आधीच ठरली होती. बहिणीचे पान हरले, तर वडिलांच्या दुकानाला कुलूप लागणार, त्यांची ऐरण अडगळीत जाणार आणि यापुढे सारा व्यवहार यंत्रावरच होणार. वडील तेव्हा एवढेच बोलले होते, "मला अडगळीत टाका हवं तर. ऐरण जड आहे, तुम्हाला उचलायची नाही." दादाने ते हसण्यावारी नेले होते. शहराच्या दुसऱ्या टोकाला कार्यालय थाटल्यापासून त्याचे पाऊल दुकानात पडलेच नव्हते.

"लोक तुझं बटण दाबतात, हे मान्य," दादा म्हणाला. "माझ्यापेक्षा जास्त दाबतात. पण खरेदी? भोपळा! दाबतात नि पसार होतात. अगं, दागिना भेट द्यायला माणसं इतकी कधीपासून लाजायला लागली?"

"बटण राहील."

"हट्टाला औषध नाही."

"म्हणूनच मी घेत नाही. निकाल बघायचाय ना? दुकानात चल. कुलूपही घे बरोबर. पण चल."

दादाने खरोखरच कुलूप घेतले.

दुकानाच्या दारात त्याला थबकावे लागले. आत उभे राहायला जागा नव्हती. पायरीवर दोन मैत्रिणी एकमेकींच्या कानांना डूल लावून पाहत होत्या. एका वृद्ध बाईंची सुजलेली बोटे हाती घेऊन वडील अंगठीचे माप घेत होते आणि मान वर न करता म्हणत होते, "घाई करू नका, आजी. बोट तुमचं, हुकूम बोटाचा."

दादाने मागे उभ्या असलेल्या गृहस्थांना हळूच विचारले, "आपण आमच्या दुकानात कसे?"

"कसे म्हणजे? तुम्हीच तर बोलावलंत!" गृहस्थ चकित झाले. "फोनवर लिहिलं होतं, भेट द्या. दाबलं, तर दुकानाचा पत्ता उघडला. आलो."

दादाच्या हातातील कुलूप लोंबकळत राहिले. तो बहिणीच्या कानाशी पुटपुटला, "अगं, लोकांनी ते चुकीचं वाचलं."

"लोकांनी नाही, दादा," ती मोठ्याने म्हणाली. "तू."