भरल्या आभाळातलं ऊन

पन्नाशीला टेकलेले रेल्वेच्या लोको शेडचे फोरमन त्र्यंबकराव कित्येक वर्षांनी गोल्फ स्पर्धेत उतरले होते, आणि शेवटच्या होलपर्यंत सिव्हिल लाइन्सच्या तरण्या डॉक्टरच्या बरोबरीनं खेळत आले होते. बायको कमलिनी पहिल्यांदाच बघायला आली होती. आभाळ गच्च भरलं होतं, म्हणून छत्री घेऊनच. पण त्र्यंबकरावांचा फटका वाकडा गेला आणि चेंडू बोरीच्या झुडपात शिरला. चेंडूवर नजर ठेवायला पुढे धावणारा त्यांचा जुना आगेवाला भैयालाल तिथं पोचला आणि त्यानं अनवाणी पायानं चेंडू हळूच मोकळ्यावर लोटला. “साफ पड़ी है, बाबूजी!” पूर्वी त्याला हे कधी करावं लागलं नव्हतं. त्र्यंबकरावांनी पाहिलं. कमलिनीनंही पाहिलं, आणि खूश होऊन ती मोठ्यानं म्हणाली, “अहो, त्यानं पायानं सरकवला तुमचा चेंडू! किती जपतो हो तुम्हाला!” डॉक्टरला मराठी कळत नव्हती.

आपल्या चेंडूपाशी वाकलेला तो हसत वळला. “भाभीजी क्या कह रही हैं?” खरं सांगितलं असतं, तर चेंडू परत काट्यांत ठेवावा लागला असता आणि कप हातचा गेला असता. त्र्यंबकरावांनी हातमोजा घट्ट ओढला. “कह रही हैं, धूप बहुत है.” डॉक्टरनं आभाळाकडे बघितलं, मग कमलिनीकडे. ती झाशीत खंडेराव गेटला वाढलेली. हिंदी तिला चांगली कळत होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. तिनं छत्री उघडली, नवऱ्याकडे न बघता डोक्यावर धरली आणि डॉक्टरला म्हणाली, “हाँ भैया, बहुत धूप है.”