वेणी

गावच्या दंडारीत, म्हणजे नाचगाण्याच्या नाटकात, बाईचं काम पुरुषच करतात; त्यासाठी मी केस वाढवले होते. दिवाळीनंतरची मंडईची जत्रा सरली तरी कापले नाहीत, म्हणून सरपंच खेमराजकाकाजींनी भर चौकात माझी वेणी कापली आणि मला गावातून हाकललं. वेणी मात्र ठेवून घेतली, दंडारीच्या कामाची म्हणून. पुढे तीच लावून त्यांचा पोरगा अश्विन नाचायला लागला. मी तोवर गोंदियात दुर्गा नावाची बाई झाले होते, पोटासाठी स्टेशनामागे धंदा करत होते.

परवा काकाजी माझ्या दारात आले. "माजा अश्विन कुठं हाय? पोराले धंद्याले लावून राहिली का तू?"

"मले कोनं लावलं होतं, काकाजी? कैची आनली का आज?"

ते खाली बसले आणि त्यांनी माझे पाय धरले. मी धरू दिले.

"पोरगा वापस दे माजा."

"अश्विन नाही इथं. रीना हाय. तिलेच विचारा."

पडदा सारून रीना बाहेर आली. माझी ती जुनी वेणी तिनं बापाच्या हातावर ठेवली.

"घेऊन जा, बाबा. आता माजेच केस वाढले."