दोरीपलीकडची

हाउनानी जेवणाचा डबा घेऊन सुरूच्या झाडांखालून आली, तेव्हा वेंडलने तिच्याकडे न बघताच ओठांवर बोट ठेवलं.

दोरीच्या पलीकडे वाळूत सील मादी झोपली होती. तिच्या पोटाला पिल्लू चिकटलं होतं आणि चुटूचुटू दूध ओढत होतं.

"मी तोंडसुद्धा उघडलेलं नाही," हाउनानी म्हणाली.

"चपला वाजतायत तुझ्या."

तिने चपला काढून हातात घेतल्या.

मादी व्यायला या किनाऱ्यावर आली, त्याला सहा आठवडे होत आले होते. लोकांनी जवळ जाऊ नये म्हणून भोवती दोरी बांधलेली होती आणि गावातली माणसं पाळीपाळीने राखणीला बसत. वेंडल पाळी संपली तरी उठत नसे. निवृत्त माणूस, त्याला कोण उठवणार? उजाडताच यायचा, दिवेलागणीला घरी परतायचा आणि जेवताना हिच्याबद्दल बोलत राहायचा. आज किती वेळा पाजलं, कुठल्या कुशीवर झोपली. त्याआधी कित्येक वर्षं तो जेवताना बोलतच नव्हता.

आत्ता येतानाही पार्कात झाडू मारणाऱ्या लोर्नाने तिला अडवलं होतं. "डबा एकच का, आंटी? सवतीला काहीच नाही आणलंत?"

हाउनानी हसली होती. पण ते हसणं वरवरचं होतं.

दोरीपाशी एक पर्यटक जोडपं येऊन थांबलं. त्यातल्या बाईने दबक्या आवाजात विचारलं, "ती आजारी आहे का हो? बरगड्या दिसतायत."

वेंडल खुर्चीतून उठला. त्याने टोपीसुद्धा काढली. "आजारी नाही. आली तेव्हा चांगली गलेलठ्ठ होती. व्याल्यापासून तिने एक मासा तोंडात धरलेला नाही. अंगावरचं सगळं झिजवून पिल्लाला पाजते. एकटीच. नर कुठे फिरत असतो, कुणास ठाऊक."

"किती सोसते बिचारी."

"सोसते ना," वेंडल म्हणाला. "बोलत नाही, एवढंच."

त्याचा हा मऊ आवाज हाउनानीच्या ओळखीचा नव्हता. आपल्याबद्दल हा कधी कुणा परक्यापाशी असं बोलला असेल का, असं तिच्या मनात आलं. तिने डबा खुर्चीवर आदळला.

त्या आवाजाने की आपल्याच मनाने, पण मादीने डोकं उचललं. थोडा वेळ ती समुद्राकडे बघत राहिली. मग पिल्लाला पोटापासून बाजूला सारून वाळूवरून अंग ओढत पाण्याकडे निघाली. पिल्लू मागे मागे लाटेपर्यंत गेलं. ती आत शिरली, एकदा लांबवर तिची पाठ चमकली आणि मग नुसतं पाणी उरलं. पिल्लू काठावर बसून ओरडायला लागलं.

 वेंडलने खिशातून फोन काढून राखणीच्या लोकांना लावला.

"वेंडल बोलतोय. गेली ती. अकरा चाळीसला. नाही, आता नाही यायची. दूध तोडलं की मागे वळून बघत नाहीत त्या."

फोन बंद करून त्याने टोपीने तोंड पुसलं.

ती गेली की आपल्याला हलकं वाटेल, असं हाउनानीला इतके दिवस वाटत आलं होतं. पण त्याच्या डोळ्यांतलं पाणी बघून तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"डॅरिलच्या वेळी मी दोन दिवस कळा देत होते," ती म्हणाली. "तू तिसऱ्या दिवशी उगवलास. अंगाला मळीचा वास येत होता."

"गाळप चालू होतं. कारखान्याने सुट्टी दिली नाही."

"हो. तेव्हाही हेच म्हणालास."

पर्यटक जोडपं हळूच तिथून सटकलं. हाउनानीने वाकून चपला घालायला घेतल्या.

"डॅरिलने तिकीट पाठवलंय," ती खाली बघतच म्हणाली. "शुक्रवारी मी त्याच्याकडे लास वेगासला जातेय. परत कधी यायचं ते ठरवलेलं नाही. कुणाला फोन करून कळवायचं असेल, तर विमान सव्वादहाचं आहे."

 ती वळून सुरूच्या झाडांकडे चालू लागली.

"हाउनानी."

ती थांबली.

"सुट्टी मी मागितलीच नव्हती," वेंडल म्हणाला. "पहिल्याच दिवशी दवाखान्यात आलो होतो. दाराबाहेर होतो. तू ओरडत होतीस. मला वाटलं, तू आता जातेस. आत यायचा धीर झाला नाही. तसाच परत फिरलो आणि दोन दिवस सलग पाळ्या केल्या."

त्याच्या हातात टोपी होती आणि ती तो गोल गोल फिरवत होता. हाउनानी त्याच्याकडे बघत राहिली.

पाण्याच्या काठाशी पिल्लू पुन्हा ओरडलं, आधीपेक्षा मोठ्याने. वेंडलने तिकडे मान वळवली नाही.