एका ओळीचं प्रतिज्ञापत्र

"सही करा, वकीलसाहेब. मग जा जेवायला."

टल्सा शहरातल्या एका हॉटेलात, सभागृहाच्या दारातच व्हर्लीन ग्रिमेटने हॉलिस टॅकेटची वाट अडवली. आत फौजदारी बचाव वकिलांच्या मानाच्या संस्थेची पंगत बसली होती. अर्ज करून इथे शिरता येत नाही, बोलावणं यावं लागतं. टॅकेटला ते आलं होतं.

तिच्या हातातल्या कागदावर एकच ओळ होती: खून झाला त्या वेळी पेट्रोल पंपावरच्या बाईने लॉन्झोला तिथून चाळीस मैलांवर पाहिलं होतं, हे ठाऊक असूनही मी, त्याचा वकील, तिला भेटायला गेलो नाही.

"अपील लढणारी वकील पोरगी म्हणते, एवढं तुम्ही लिहून दिलंत तर कोर्ट माझ्या पोराला गुरुवारी द्यायची विषाची सुई थांबवेल."

"तिला सहा वेळा नाही म्हणालोय, व्हर्लीनबाई. मी जीव तोडून लढलो तुमच्या पोरासाठी."

"लढलात हो. चांगलेच वकील आहात तुम्ही. फक्त खटल्याच्या त्या आठवड्यात नव्हता, एवढंच लिहा."

टॅकेटने इकडेतिकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "हे लोक जज्जांकडे चौकशी करतात, सरकारी वकिलांकडे करतात. असा कागद कोर्टात गेला की संपलं. तीस वर्षं घासलीत मी या दारासाठी."

"माझा लॉन्झो एकतीसचा आहे."

"मी प्रार्थना करतो तुमच्यासाठी," म्हणत तो तिच्या बाजूने आत सटकला. दरवानाने दार ओढून घेतलं.

जेवणं आटोपली. अध्यक्ष पदक घेऊन उभे राहिले. "आपल्याकडची रीत आहे. नवा सभासद पदक घेण्याआधी, ज्याला वाचवू शकला नाही अशा एका अशिलाचं नाव घेतो."

टॅकेटने माइक धरला. घसा खाकरला.

"लॉन्झो ग्रिमेट."

त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. तीनशे बचाव वकील खुर्च्या सरकवून उठले आणि माना खाली घालून उभे राहिले. कधी गेला, हे एकानेही विचारलं नाही.

नाव दाराबाहेर ऐकू गेलं. व्हर्लीन दोन्ही मुठींनी दार बडवू लागली. "जिवंत आहे तो! अरे, जिवंत आहे अजून!"

दरवानाने तिचे हात धरले.

"हळू, बाई. आत मौन चाललंय."