दोन डाव्या बाजू

गादीवाला सकाळीच येऊन उंबऱ्यावर बसला. वहिनींची आई राहायला येणार होती, तिला गादी हवी होती आणि कापूस विकत आणायचं काही कारण वहिनींना दिसत नव्हतं. नणंदेचा दिवाण लोकरीनं फुगला होता. विणून पुरं झालेलं नणंदेचं, अर्धवट राहिलेलं गादीचं, असं ठरलं होतं. म्हणजे वहिनींनी ठरवलं होतं.

नणंद म्हणजे पोरांची अर्धीआत्या. तिनं सुरू केलेलं काही संपलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. पण त्या घरात आपलं म्हणावं असं तिच्यापाशी तेवढंच होतं. ‘अंगावर जाईल, पाठीखाली नाही,’ असं तिनं मनाशी म्हटलं आणि ठरलं त्याच दिवशी सुया हातात घेतल्या, त्या खाली ठेवल्याच नाहीत. पोरांचे मोजे झाले, वहिनींच्या सुनेची शाल झाली. किटलीला टोपी झाली. शेजारच्या कुत्र्याला स्वेटर झाला, तो घातल्यापासून ते भुंकायच्या आधी विचार करू लागलं. एक मफलर तर असा वाढला, की तो गळ्यात घालून माणूस कोपऱ्यावरून दूध घेऊन आला तरी दुसरं टोक घरातच चहा पीत बसलेलं.

आता राहिला होता एकच स्वेटर. भावाला नोकरी लागली तेव्हा विणायला घेतलेला. भाऊ निवृत्त झाला, स्वेटर तिथंच. पाठ तयार, बाह्या तयार, पुढचे दोन्ही भागही तयार. फक्त दोन्ही डावे. विणण्याच्या नादात आत्यानं डावी बाजू संपवली आणि पुन्हा डावीच विणली होती. दोन्हींचा गळा एकाच दिशेला उतरत होता आणि काजं दोन्हींना होती.

“वन्सं, तो बिचारा ताटकळलाय,” वहिनी म्हणाल्या. “राहिलंय ते देऊन टाका.”

“राहिलेलं नाही. चालू आहे.”

“अहो, दोन डाव्यांचा स्वेटर कसा होणार? निदान एक तरी उसवा.”

“उसवलं की पुन्हा लोकरच झाली. म्हणजे गेली तुमच्या आईच्या पाठीखाली.”

गादीवाल्यानं मान डोलावली. हिशेब त्याला पटला होता.

आत्यानं दोन्ही भाग मांडीवर पसरले. चष्मा पुसला. मग त्यातला एक भाग उचलला आणि पापड परतावा तसा परतला. गळ्याचा उतार पलीकडे गेला. उजवी बाजू तयार! एक बाजू सुलट, गुळगुळीत. दुसरी उलट टाक्यांची, खडबडीत. आत्यानं दोन्हींवरून एकदा हात फिरवला आणि ती भराभर सांधायला लागली.

“बाळ्या, इकडे ये. हात वर कर.”

निवृत्त भाऊ मुकाट्यानं आला. स्वेटर खांद्यांत बसला, बाह्यांत बसला आणि पोटाशी येऊन थांबला. मधून वीतभर बनियन दिसत होतं.

“बघा!” वहिनी म्हणाल्या. “बटणंसुद्धा पोचायची नाहीत.”

“बटणं लावतंय कोण?”

आत्या दिवाणात कंबरेपर्यंत वाकली. तळाशी चिमूटभर, बोटभर, मूठभर अशा रंगारंगांच्या उरल्यासुरल्या लोकरी होत्या. झाडून साऱ्या गोळा करून तिनं त्यांचा गोफ वळला. मग भावाला भिंतीला टेकवून, त्याच्या पोटाला गुडघा लावून, बुटाची नाडी ओवावी तशी ती या काजातून त्या काजात गोफ ओवत निघाली. खालून वर. पोट जिथं मोठं, तिथं नाडी सैल. गळ्याशी गाठ.

“ताई, घट्ट नाही होत,” भाऊ छाती काढून म्हणाला. त्याचं त्यालाच नवल वाटत होतं. “पण काढायचा कसा?”

“घालायला केलाय. काढायचं तुझं तू बघ.”

वहिनींनी दिवाणाचं झाकण उघडलं. आत कोपऱ्याकोपऱ्यांतून हात फिरवला. हाताला फळी लागली, दुसरं काही नाही. त्यांनी झाकण हळूच मिटलं.

“मग मी भरू काय?” गादीवाला उठला आणि काखेतली कोरी खोळ झटकून त्यानं सगळ्यांसमोर धरली.

आत्यानं ती निरखून पाहिली. तीन बाजू शिवलेल्या, चौथी उघडी.

“अर्धवटच आणलीस होय?” ती म्हणाली. त्याच्या हातातलं दाभण तिनं काढून घेतलं आणि वहिनी “अहो, अहो” करत पुढं येईपर्यंत रिकाम्या खोळीचं तोंड या कडेपासून त्या कडेपर्यंत शिवून, गाठ मारून, दोरा दातानं तोडला.