पिंजऱ्यात उतरण्याआधीचे प्रश्न

क्लाइनबाई बंदराच्या धक्क्यावर सारलिना बारा वर्षं पाहुण्यांना रबरी पोशाख चढवत होती. पांढरा शार्क पाहायला ती स्वतः कधीच बोटीवरून पाण्यात सोडतात त्या लोखंडी पिंजऱ्यात उतरली नव्हती. आज मात्र ती पोशाख घालून रांगेत उभी राहिली आणि बोटीचा तांडेल डेनविल चपापला.

"मावशी, सील दिसतेयस अगदी. शार्क भक्ष्य समजून फसेल हं!"

"फसला तर तुझा पत्ता देईन त्याला. फॉर्म भर."

डेनविल पेन घेऊन फॉर्मवरचे प्रश्न वाचू लागला. पोहता येतं?

"नाही. पिंजऱ्याला गज आहेत ना?"

काही आजार?

"गुडघे. आणि तुझी बडबड."

काही झालं तर कुणाला कळवायचं?

अशा रकान्यात सारलिना एल्रिकोचं नाव लिहायची; दोन वर्षं तो रिकामाच राहत होता. तिचा तो एकुलता एक मुलगा शिंपले काढायला याच पाण्यात उतरला आणि पाठीवरचा पंख तुटलेल्या एका शार्कनं त्याला नेलं. त्याच्या पायातला पोहण्याचा एक रबरी पंख तेवढा किनाऱ्याला लागला.

डेनविलनं पेन खाली ठेवलं.

"तुटक्या पंखाचा तोच शार्क परत आलाय, म्हणून चाललीस ना? बाहीत काय लपवलंयस मावशी? चाकू?"

तिनं दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या. आत काहीच नव्हतं.



"चाकू कशाला रे? माझ्या पोराला ज्यांनी शेवटचं पाहिलं, ते डोळे मला एकदा बघायचेत."